‘बॅक’ दाबू नका म्हणे!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मुरबाडात पाऊस लागला की दोन गोष्टी हमखास होतात. अंगणातल्या फरशीवर शेवाळं धरतं आणि लाईट जाते. आत्ता लाईट आहे, लॅपटॉपची बॅटरी भरून घेतली आहे, तेव्हा म्हटलं मनात साचलेलं एकदा टंकून टाकावं. विषय वाचून आमच्या पुण्याच्या वन्सं हसणार हे मला ठाऊक आहे. "आयुष्यभर वर्गात मराठी शिकवलंस आणि आता संगणकावर लिहितेस होय?" लिहिते. कारण हा विषय संगणकाचा आहे असं मला वाटत नाही.

तुम्ही सगळ्यांनी ते वाक्य पाहिलं असेल. कुठलाही ऑनलाइन अर्ज भरा, कुठलंही बिल भरा, लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये’. कधी वर, कधी खाली, कधी मध्येच लुकलुकत. मी कित्येक वर्षं ते वाक्य निमूटपणे पाळत आले. देवळात ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ लिहिलेलं असतं, तसंच. नियम आहे, पाळायचा, कोणी केला नि का केला ते विचारायचं नाही.

गेल्या वर्षीच्या जुलैत मात्र त्या वाक्याने माझ्याकडून एक वाईट गोष्ट करवून घेतली. म्हणजे केली मीच, पण त्याचा आधार घेऊन केली.

झालं असं. टोकावड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची मुलगी, बारावी झालेली, तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. (कुठला, कुठल्या संस्थेचा, ते सांगत नाही. तो मुद्दाही नाही.) निवृत्त झाल्यापासून असे अर्ज भरून देण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलं आहे. माझ्याकडे लॅपटॉप आहे, नेट आहे, आणि ‘बाई पैसे घेत नाहीत’ ही कीर्ती आहे! मायलेकी सकाळच्या एसटीने आल्या होत्या. आईने त्या दिवसाची लावणीची मजुरी सोडली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळं नीट घडी घालून.

अर्ज सहा पानांचा. मुलगी हुशार. मी म्हटलं, तूच बस, मी नुसती शेजारी बसते. आमच्या नेटचा वेग तुम्हाला माहीत आहे, एकेक पान उघडायला चहा होतो. पाचव्या पानावर आलो तेव्हा ती एकदम म्हणाली, "बाई, दुसऱ्या पानावर आईच्या नावात एक अक्षर राहिलं बहुतेक." आणि मी काही बोलायच्या आत तिने वरचा डावीकडचा बाण दाबला. तीनदा. दुसरं पान आलं, खरंच एक अक्षर कमी होतं. तिने ते घातलं आणि ‘पुढे’ दाबलं.

झालं! पांढरं पान आणि वर एक ओळ, तुमची विनंती अवैध आहे, पुन्हा लॉगिन करा.

पुन्हा लॉगिन केलं तर त्याने आम्हाला थेट तिसऱ्या पानावर नेऊन ठेवलं. तिसरं, चौथं, पाचवं, तिन्ही कोरी. दोन तासांचं काम गेलं. आणि मी, चौतीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई, त्या पोरीवर खेकसले. "लिहिलंय ना तिथे लाल अक्षरांत! वाचता येत नाही का? कशाला हात लावलास?"

तिने किबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले. त्यानंतर तिने त्या लॅपटॉपला शिवलं नाही. तिची आई मला म्हणाली, "चुकलं बाई तिचं, ल्हान हाय." आई माझी माफी मागत होती! मंडळी, तो सूर अजून कानात आहे.

पुढचं सगळं मीच भरलं. घाईने भरलं. शेवटी शुल्काचं पान आलं, तीनशे रुपये, मी माझ्याच खात्यातून भरले. पैसे गेले, पान पांढरं झालं, गोल गोल फिरत राहिलं. आता मी काय केलं असेल? बरोब्बर. मी तोच बाण दाबला. मागचं शुल्काचं पान तसंच्या तसं आलं, मी पुन्हा भरले, यावेळी पावती आली. खात्यातून सहाशे रुपये गेलेले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्या लेकराला बोलले, तीच मी अर्ध्या तासात केली, आणि मला बोलणारं कोणी नव्हतं.

अजून एक राहिलंच. पावती छापली तेव्हा आईच्या नावात ते अक्षर नव्हतंच. आम्ही दुसरं पान पुन्हा पाहिलंच नव्हतं, ते दुरुस्त झालं या समजात होतो. ते दुरुस्त करून घ्यायला मायलेकींना पुढे दोन खेपा घालाव्या लागल्या. दोन दिवसांची मजुरी.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं. तो ठाण्याला असतो आणि वीसेक वर्षं जावामध्ये हेच काम करतो, अशी अर्जांची, बिलांची संकेतस्थळं बनवायचं. मला वाटलं होतं तो म्हणेल, मावशी, बॅक दाबायचं नसतं गं. तो म्हणाला, "मावशी, चूक तिची नाही."

"मग कुणाची? माझी?"

"आमची," तो म्हणाला. "लिहिणाऱ्यांची."

मग दोन-तीन रविवार त्याने मला फोनवर हे समजावलं. मी वहीत टिपणं काढली (सवय!). बी. ए. मराठी झालेल्या बाईला जेवढं कळलं तेवढं सांगते. चुकलं तर तुमच्यातले जाणकार कान धरतीलच.

मुळात हे महाजाल विसरभोळं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९-९० च्या सुमारास ते घडवलं तेव्हा एवढंच ठरलं होतं, तुम्ही कागद मागायचा, पलीकडच्या यंत्राने तो द्यायचा, संपलं. तुम्ही कोण, मघाशी काय मागितलं होतंत, याची त्याला काही आठवण नाही. खिडकीमागे असा कारकून बसला आहे ज्याला दर मिनिटाला तुमचा चेहरा नवा वाटतो. कागद वाचायला हे पुरतं. अर्ज भरायला पुरत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये कुकी आली. कारकून तुमच्या हातात एक नंबर देतो आणि त्या नंबराचा एक खण आपल्या टेबलात ठेवतो. जावात या खणाला सेशन म्हणतात. तुम्ही नंबर दाखवला की तो खण उघडून बघतो, हां, ही मुलगी पाचव्या पानावर आहे. आणि बराच वेळ तुम्ही आला नाहीत तर खण रिकामा करून टाकतो. टॉमकॅट नावाचा जो सर्व्हर जावावाले सर्रास वापरतात, त्यात हा वेळ कोणी बदलला नाही तर तीस मिनिटं असतो. तीस मिनिटं! उत्पन्नाचा दाखला शोधून, त्याचा फोटो काढून, तो सांगितलेल्या आकाराचा करून चढवायला आमच्याकडे किती वेळ लागतो हे ज्याने पाहिलंय त्याने हा आकडा तसाच ठेवला नसता.

आता बाणाची गोष्ट. बाण दाबल्यावर जे पान दिसतं ते पुष्कळदा कारकुनाकडून आलेलंच नसतं. ब्राउझरने मघाशी दाखवलेली प्रत आपल्याच पोतडीत ठेवलेली असते, ती काढून पुढे धरतो. १९९९ साली महाजालाचे जे नियम छापले गेले त्यात हे स्पष्ट होतं, म्हणाला. मागे जाणं म्हणजे तेव्हा माणसाने जे पाहिलं होतं तेच पुन्हा दाखवणं, ताजी माहिती आणणं नव्हे. म्हणजे ब्राउझर नियमानेच वागत होता. मुलीच्या डोळ्यांपुढे दुसरं पान, कारकुनाच्या खणात ‘पाचवं पान’ अशी चिठ्ठी. तिने दुरुस्त केलेला दुसऱ्या पानाचा कागद आत सरकवला, कारकुनाने पाहिलं, हा तर पाचव्याचा नाही! फेकला. आणि वर तिलाच बाहेर काढलं.

माझ्या मास्तरकीच्या मनाला हे फार लागलं. कारण ती मुलगी काय करत होती? पेपर देण्याआधी मागे जाऊन तपासत होती! आम्ही जन्मभर पोरांना काय सांगत आलो? शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, पहिल्या प्रश्नापासून एकदा बघून घ्या, नाव-नंबर तपासा. इतक्या वर्षांत ते ऐकणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्यातलं एक माझ्या ओट्यावर बसलं होतं आणि मी त्याला ‘कशाला हात लावलास’ म्हणाले.

आणि मागे जाणं ही काही अपवादाची गोष्ट नाही. बॅकचं बटण १९९३ च्या मोझेक ब्राउझरमध्येही होतं, तेव्हा या पोरांचे आईबापही लहान असतील. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या दोघांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासात तेवीस माणसं सहा आठवडे ब्राउझर कसा वापरतात ते नोंदवलं, तर शंभरातली अठ्ठावन्न पानं आधी पाहिलेलीच पुन्हा उघडलेली निघाली. जेकब नीलसन नावाचे या विषयातले जुनेजाणते, त्यांनी १९९९ मध्ये संकेतस्थळांच्या नव्या चुकांची यादी केली, तीत पहिला नंबर बॅकचं बटण मोडून ठेवण्याला दिला. पंचवीस वर्षं होऊन गेली. लाल वाक्य अजून आहे तिथेच आहे.

बरं, उपाय नाहीत असंही नाही. इथे मला खरा राग आला. मला वाटत होतं हे पावसासारखं काहीतरी अटळ असेल. तसं नाही, उपाय आहेत आणि जुने आहेत.

भाचा म्हणाला, ब्राउझर दोन प्रकारे बोलतो. एक ‘मला दाखव’, दुसरं ‘हे घे, नोंद कर’. पहिल्याला गेट म्हणतात, दुसऱ्याला पोस्ट. दाखव कितीदाही म्हटलं तरी काही बिघडत नाही. नोंद कर मात्र दोनदा म्हटलं की दोन नोंदी. गंमत अशी की नोंद केल्यावर कारकुनाने तिथल्या तिथे पावतीचं पान दिलं, तर ते पान त्या ‘नोंद कर’ला चिकटलेलं राहतं. तुम्ही नुसतं रिफ्रेश केलंत की ब्राउझर विचारतो, अर्ज पुन्हा पाठवू का? तेही इंग्रजीत. आमच्याकडचा माणूस अशा वेळी ‘हो’ म्हणतो, कारण नाही म्हटलं तर काम अडेल ही भीती.

उपाय असा. कारकुनाने नोंद करून घ्यायची आणि पावती स्वतः द्यायचीच नाही, म्हणायचं, ‘झालं, आता पलीकडच्या खिडकीवर जाऊन पावती बघा’. ब्राउझर आपला आपण पलीकडे जातो, आपल्याला कळतही नाही. मग रिफ्रेश केलं तर फक्त पावती पुन्हा दिसते, नोंद पुन्हा होत नाही. याला पोस्ट-रिडायरेक्ट-गेट म्हणतात. मायकेल जुराव्लेव्ह नावाच्या माणसाने २००४ मध्ये जावावाल्यांसाठी यावर सविस्तर लेख लिहिला होता, तो भाच्याने तेव्हाच वाचला होता. पण युक्ती त्याहूनही जुनी आहे म्हणे.

दुसरा उपाय ऐकल्यावर मी हसलेच. तो म्हणाला, टोकन. मी म्हटलं, अरे पितळी? त्याला काही कळेना. तरुण वाचकांसाठी सांगते, आम्ही बँकेत पैसे काढायला जायचो तेव्हा चेक दिला की हातात एक पितळी बिल्ला मिळायचा, त्यावर नंबर. रोखपालाने नंबर पुकारला की बिल्ला द्यायचा, पैसे घ्यायचे. बिल्ला त्याच्याकडे गेला, विषय संपला. त्याच बिल्ल्यावर दुसऱ्यांदा पैसे मागायला तुमच्याकडे बिल्लाच नाही! भाच्याला मग एकदम पटलं. जावाचं स्ट्रट्स नावाचं जे चौकटीवजा साहित्य होतं, २००१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, त्यात हे टोकन तयारच होतं. अर्जाचं पान देताना सेव्हटोकन, अर्ज परत आला की इजटोकनव्हॅलिड, आणि मग ते पुसून टाकायचं. दोन-तीन ओळींचं काम. मागे जाऊन तोच अर्ज पुन्हा पाठवला तर टोकन जुळत नाही. मग माणसाला ‘अवैध’ म्हणून हाकलायचं नाही, सांगायचं, ‘तुमचा अर्ज आधीच मिळाला आहे, हा बघा’. माझे तीनशे रुपये एवढ्याने वाचले असते. आमच्या शाळेत शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्यांदा मागायला कोणी आलं की मी जनरल रजिस्टर काढून बघत असे, पहिला दिलेला आहे का, कधी दिला. मगच ‘दुय्यम प्रत’ असा शेरा मारून दाखला जायचा. आधी बघायचं, मग लिहायचं. हे आम्हाला पहिल्या हेडबाईंनी शिकवलं, संगणकाने नव्हे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. मूळ दुखणं काय, तर खण एक आणि पानं अनेक. माणूस मागे-पुढे करतो, दोन-दोन खिडक्या उघडतो, आणि सगळ्यांची चिठ्ठी एकाच खणात. २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही संगणकशास्त्रज्ञांनी यावर निबंध लिहिला. एका प्रवासाच्या संकेतस्थळावर तुम्ही एक विमान बघता, मग दुसऱ्या खिडकीत दुसरं बघता, परत पहिल्या खिडकीत येऊन ‘हेच घ्या’ म्हणता, आणि तिकीट निघतं दुसऱ्या विमानाचं! डोळ्यांपुढे एक, खणात दुसरं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पायरीला तिची वेगळी चिठ्ठी. जावात स्प्रिंग वेब फ्लो नावाचं साधन आहे, ते प्रत्येक पानाच्या वेळची स्थिती जपून ठेवतं आणि पत्त्यात ‘ई१एस१’, ‘ई१एस२’ असे क्रमांक घालतं. तुम्ही दुसऱ्या पानावर परत गेलात की ते त्या क्षणाचीच चिठ्ठी काढतं आणि तिथून पुढे चालू लागतं. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांनी गृहीतच धरलं होतं की माणूस मागे जाणार. मला हे गृहीत धरणं फार माणुसकीचं वाटतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाचा म्हणेल मावशीने सोयीचं तेवढंच लिहिलं. काही पानं मागे जाऊन दिसताच कामा नयेत. एसटी स्टँडजवळच्या कॅफेत कोणी बँकेचं खातं बघून, लॉगआउट करून उठला आणि त्याच खुर्चीवर बसलेल्या पुढच्याने बाण दाबला, तर आधीच्याची शिल्लक दिसायची! तिथे ‘ही प्रत ठेवूच नकोस’ असं ब्राउझरला सांगावं लागतं, नो-स्टोअर म्हणतात त्याला. ते योग्यच. पण म्हणून सरसकट सगळ्या पानांना तेच लावायचं, हे म्हणजे तिजोरीला कुलूप आहे म्हणून न्हाणीघरालाही घालण्यासारखं झालं.

आणि काही उपाय तर निव्वळ दांडगाई आहेत. बाण दाबला की जावास्क्रिप्टने पुन्हा पुढे ढकलायचं. किंवा बाणच नसलेली खिडकी उघडायची. मी विचारलं, असं कोण करतं रे? तो थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "मी केलंय, २००५ मध्ये. शुक्रवारी संध्याकाळी द्यायचं होतं, टोकन घालायला सगळा आराखडा बदलावा लागला असता. पाच ओळींची स्क्रिप्ट टाकली आणि वर ते लाल वाक्य लिहिलं." मग म्हणाला, "तेव्हा वाटलं नाही गं की समोर कोणी असेल."

हे तो प्रामाणिकपणे बोलला म्हणून माझा राग निवला. पण मत बदललं नाही. ते लाल वाक्य म्हणजे सूचना नाही, कबुली आहे. ‘आमचं काम अर्धं राहिलं आहे, उरलेलं तुम्ही सांभाळा’ अशी. आणि वाईट हे की ती कबुली दटावणीच्या भाषेत लिहिलेली असते, त्यामुळे वाचणाऱ्याला गुन्हेगार आपण आहोत असं वाटतं. शिकलेल्या, शहरातल्या माणसाला नाही वाटत, तो शिव्या घालून पुन्हा भरतो. पहिल्यांदाच पडद्यासमोर बसलेल्याला वाटतं. मलाही त्या वाक्याने न्यायाधीश करून ठेवलं होतंच की.

भाच्याचं म्हणणं, निविदेत, कराराच्या कागदांत ‘बॅक’ हा शब्दच नसतो. कितीजण एका वेळी आले तर चालेल, रंग कोणते, बोधचिन्ह कुठे, सगळं असतं. तपासणारे तपासतात तेही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ, एकदाही मागे न जाता, एकही अक्षर न चुकता, ऑफिसच्या वेगवान नेटवर. असा अर्ज भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही! माझी सूचना अगदी साधी आहे. कुठलाही सार्वजनिक अर्ज खुला करण्याआधी बारावीची दोन मुलं बोलवा, साध्या मोबाइलवर, माळशेज घाटाकडे जाताना रेंज येते-जाते तशा ठिकाणी बसवा, आणि म्हणा, भरा. मध्ये मुद्दाम एक चूक करायला सांगून ती सुधारायला सांगा. लिहिणाऱ्याला शेजारी बसवा. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मोबाइलवर तर बाण शोधावाही लागत नाही, अंगठा कडेला घासला तरी पान मागे जातं. तिथे ‘दाबू नका’ म्हणजे काय करायचं? अंगठा खिशात ठेवायचा?

कुणी म्हणेल, बाई, एवढं काय त्यात, पुन्हा भरायचा अर्ज. ज्यांना पर्याय आहे त्यांनी म्हणावं. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा झाला, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन गेले, चांगलंच झालं. दोन-दोन दिवस तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाले. (माझा किस्सा त्या पोर्टलचा नव्हे, गैरसमज नको.) आमच्याच तालुक्यातलं धसई २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं, छोट्या छोट्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली होती. यंत्र घासलं, रेंज गेली, आता पैसे गेले की नाही, पुन्हा घासू का? माझ्या शुल्काच्या पानावर पडला तोच प्रश्न. जुनी खिडकी मोडली असेल तर नवी खिडकी निदान जुनीइतकी तरी समजूतदार हवी. जुन्या कारकुनाला ‘अहो भाऊसाहेब, तेवढं आईचं नाव बघू द्या परत’ म्हटलं तर तो कुरकुरायचा, पण अर्ज परत सरकवायचा.

पैशांचं विचाराल तर, रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोचल्याचं कळलं नाही, तर यूपीआयवर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण ते फसलेल्या व्यवहाराला. माझे दोन्ही व्यवहार यशस्वी! दोनदा यशस्वी झाल्याबद्दल कोणाकडे तक्रार करायची? तीन ईमेल लिहिल्या, शेवटी अडीच महिन्यांनी आले परत. तीनशे रुपयांसाठी मी लिहू शकले. त्या मायलेकींनी ते सोडून दिले असते, आणि दुसऱ्यांदा भरायला तीनशे नसते तर?

मुलीला प्रवेश मिळाला. आता दुसऱ्या वर्षाला आहे, कल्याणला जाऊन येऊन करते. परवा तिचा फोन आला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, येऊ का बाई, म्हणून. पुढे म्हणाली, "तुम्हीच भरा हां बाई, मी नुसती कागद देत जाईन." मी ‘ये’ म्हटलं, बाकी काही बोलले नाही, फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतंच.

रविवारी यायची आहे, आईला घेऊन. भाच्याला विचारून ठेवलं आहे, प्रत्येक पान भरून झालं की त्याचा फोटो मोबाइलवर काढायचा, म्हणजे गेलंच तर पुन्हा शोधाशोध नको. खुर्ची एकच बरी आहे, ती तिला देणार. मी स्टुलावर बसेन. वर्षभराने माफी कशी मागतात ते मात्र अजून ठरत नाहीये, शाळेत कधी वेळच आली नाही, किंवा आली असेल आणि मी टाळली असेल.

लाईट लुकलुकायला लागली आहे. हे आत्ताच टाकते. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील तर सांगा, मागे जाऊन दुरुस्त करीन.